विहीणबाईंचं झाड

चिमणीच्या मुठीत हिरवं पान होतं आणि पान अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कुठे गेलं, हे विचारायची सोय नव्हती. चिमणीला अजून बोलता येत नव्हतं आणि तोंड तर तिनं कुलूप लावल्यासारखं मिटून घेतलं होतं.

दूध उतू जाईल म्हणून आजोबा नातीला सोडून आत गेले होते, तेवढ्यात हा प्रकार. दूध वाचलं होतं. त्यांनी बोट घालून तिचं तोंड उघडलं. आत हिरवी लाळ होती, पान नव्हतंच. वर बोटाला कडकडून चावा बसला.

आजी आणि सून चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या होत्या. सुनेला आत्ता कळवलं तर रस्त्यातच तिचा जीव जाईल, म्हणून आजोबांनी डॉक्टरांना फोन लावला.

"कुठल्या झाडाचं पान?" डॉक्टरांनी विचारलं.

"विहीणबाईंचं."

"मी झाडाचं नाव विचारतेय."

आता आली का पंचाईत! या घरात झाडांना दुसरी नावंच नव्हती. ज्यानं दिलं, त्याचं झाड. मावशींवर मावा पडला होता, पोस्टमास्तर यंदा फुललेच नव्हते आणि बँकेतल्या बाईंना आजीनं कालच गुडघ्यापासून छाटलं होतं. ही पद्धत आजोबांनीच पाडलेली, आणि आल्यागेल्याला सांगताना त्यांना तिचं कोण कौतुक वाटायचं. आज ती चांगलीच अंगाशी आली.

"मोठी मोठी पानं आहेत," ते घाईघाईनं म्हणाले. "हिरवी, त्यावर पांढरट पट्टे."

"तशी मला दोन माहीत आहेत. एक खाल्लं तरी काही होत नाही. दुसऱ्यानं तोंड सुजतं, घसा सुजतो. ओठ सुजलेत? लाळ गळतेय?"

"दात येताहेत हो तिला. लाळ ती कायमच गाळते."

"मग तोंड नीट पुसून घ्या आणि इकडे यायच्या तयारीत राहा. ज्यांनी झाड दिलं त्यांना लगेच विचारा. मी फोनजवळच आहे."

ज्यांनी दिलं त्यांना! म्हणजे सुनेच्या आईला, चिमणीच्या दुसऱ्या आजीला. गेल्याच भेटीत आजोबांनी त्यांना ठणकावून सांगितलं होतं, की आमच्याकडे पोर डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. पण आता मानापमानाला वेळ कुठे होता? चिमणीला काखेत मारून त्यांनी नंबर लावला आणि आवाजात जमेल तेवढा निवांतपणा आणला.

"नमस्कार विहीणबाई. सहजच केला हो फोन. तुम्ही ते पट्ट्यापट्ट्यांचं झाड दिलं होतंत ना, त्याचं नाव काय?"

"चिमणीनं किती खाल्लं?" विहीणबाई म्हणाल्या.

आजोबांचं सगळं अवसान गळालं. "अर्धं पान," ते म्हणाले. "मी दूध बघायला आत गेलो होतो."

आता आपली बिनपाण्यानं होणार, असं त्यांना वाटलं. पण विहीणबाईंचा आवाज चढला नाही.

"पान उलटं करा. मागून कसं आहे?"

"जांभळं."

"संध्याकाळी पानं उभी राहून मिटतात?"

"मिटतात! हिला तर वाटलं, मरायला टेकलं."

"मरत नाही काही. ते कॅलेथिया आहे, विषारी नाही. घाबरू नका. टोकं करपलीत का हो त्याची?"

"करपलीत," आजोबांनी कबूल केलं.

"म्हणजे उन्हात ठेवलंत. त्याला कडक ऊन सोसत नाही, सावलीत घ्या. पण आधी डॉक्टरांना नाव कळवा आणि मला सांगा."

एरवी आपल्या बागेत कोणी नाक खुपसलेलं आजोबांनी ऐकून घेतलं नसतं. आज त्यांनी दोनदा "हो, हो" म्हटलं.

नाव ऐकून डॉक्टरांनीही तेच सांगितलं. फार तर एखादी उलटी होईल, लक्ष ठेवा, बाकी काळजीचं कारण नाही. आजोबा तिथेच जमिनीवर मटकन बसले. चिमणीला पोटाशी धरून ते एकटेच हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चिमणीनं त्यांचं नाक ओढून पाहिलं.

मग त्यांनी विहीणबाईंना परत फोन केला.

"डॉक्टरही तुमच्यासारखंच म्हणाल्या. जीव भांड्यात पडला बघा."

"माझाही," विहीणबाई म्हणाल्या, आणि आत्ता कुठे त्यांचा आवाज कापला.

"तुम्ही तर इतक्या ठामपणे सांगत होतात!"

"ठाम होतेच. नर्सरीवाला म्हणाला होता, विषारी नाही. पण त्याला काय, झाड खपवायचं. रांगत्या पोराच्या घरात द्यायचं म्हणून मी आधी स्वतः एक पान चावून खाल्लं. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहिली, मग तुमच्याकडे पाठवलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं."

आजोबांच्या मांडीवर चिमणी हात लांब करून आणखी एका पानापर्यंत पोचायच्या खटपटीत होती.

"चवीला कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"कडू हो. तोंड नुसतं वाकडं झालं. तिनं थुंकून कसं टाकलं नाही, याचंच नवल."

आजोबांनी चिमणीचा हात हळूच मागे घेतला.

"तुमच्यावर गेलीय," ते म्हणाले.