पाच नखांचा रंग

येदेरच्या मुठीतले खिळे पाहून हेरिबेर्तो चराच्या काठावरच थबकला. खिळ्यांची डोकी लाल होती, आणि नेमका तोच लाल रंग सकाळी त्याच्या बायकोच्या नखांवर होता.

चराच्या भिंतीत जमीन सरकल्याची खूण, म्हणजे भ्रंश, दिसली की तिथे रंगीत डोक्याचा खिळा मारायचा, आणि रंग म्हणून नेलपॉलिश वापरायचं, ही मानाग्वा शहरात हेरिबेर्तोनेच पाडलेली पद्धत. पहिली बाटली त्याने बायकोकडून, सोराइदाकडून लांबवली ती लग्नाच्या महिन्यात. केशरी रंगाची. तसला रंग पुढे कधी मिळालाच नाही. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये नवरीच्या एकाच हाताची नखं रंगलेली होती. दुसऱ्या हाताचा रंग कुठे गेला म्हणून कुणी विचारलं की तो म्हणायचा, पुलाच्या कामात गेला. बावीस वर्षं कचेरी यावर हसत होती.

“रंग कुठून मिळाला?” त्याने विचारलं.

“दिला कुणीतरी, साहेब,” म्हणत येदेर चरात उतरला.

येदेर तिशीचा, परदेशात शिकून आलेला, आणि दिसायला नको इतका बरा. पाण्याची नवी मोठी नळवाहिनी भ्रंश कुठे ओलांडते, ते नक्की करायचं काम दोघांकडे होतं. लवचीक सांधे तिथेच बसवायचे. जागा चुकली तर पुढच्या भूकंपात नळ तुटणार आणि निम्मं शहर कोरडं पडणार. नकाशा हेरिबेर्तोचा जुनाच होता, आणि येदेर त्यात रोज खोट काढायचा. शहरातले सगळे भ्रंश सरळ जातात, मग हा एकटाच फार्मसीपाशी वाकडा का होतो, असं त्याने चारचौघांत विचारलं होतं. जमिनीला विचार, असं सांगून हेरिबेर्तोने विषय मिटवला होता.

आता त्याला नकाशा सुचत नव्हता. घरी गेला तर फरशीवर पिवळी माती, मोरीत कॉफीचे दोन कप. परसात लिंबू लावतेय, असं सोराइदाने सांगितलं. लिंबाला कॉफी लागते हे त्याला नवीनच होतं. मत्सराने तो आतून नुसता जळत होता. आपलं पोट सुटलेलं, केस गेलेले, आणि ही बाई भांडी घासताना गुणगुणतेय!

गुरुवारी येदेर कामावर आलाच नाही. अकरा वाजता हेरिबेर्तोही डोकं दुखतंय असं सांगून निघाला. फार्मसी होती तिथे टॅक्सीतून उतरला. फार्मसी भूकंपात जमीनदोस्त झाली, तरी अख्ख्या गल्लीचे पत्ते अजून तिच्याच नावावर चालत. तिथून तळ्याकडे दोन घरं गेलं की त्याचं घर. त्याचा पाया त्याने लग्नाच्या महिन्यात एकट्याने खणला होता, दुसऱ्या कुणाला कुदळ लावू दिली नव्हती.

दारातच येदेरचा आवाज ऐकू आला. “अजून थोडं खाली. हां, हळू.”

मग सोराइदाचं हसणं. मग एकदम शांतता.

त्या शांततेने त्याचं रक्त उसळलं. त्याने परसाचं दार लाथेने उघडलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पुरुषभर खोल चर होता. येदेर आत उभा, सोराइदा काठावर गुडघे टेकून, दोघं मातीने माखलेली. एवढंच. हेरिबेर्तोला हायसं वाटलं. स्वतःच्या मूर्खपणाचं त्याला हसू येऊ लागलं.

येदेर मात्र त्याच्या नजरेला नजर देईना.

“मीच खणायला सांगितलं,” सोराइदा म्हणाली. “रंगसुद्धा मीच दिला. याला म्हटलं, माझ्या नवऱ्याची नकाशातली रेघ कधी चुकायची नाही, खणून बघ आणि मग तोंड बंद ठेव.”

हेरिबेर्तोने चरात वाकून पाहिलं; भ्रंशाची खूण सरळ घराच्या पायाखाली शिरत होती.

“या भिंतीपलीकडे आपल्या पोरी झोपतात, बेतो.”

तिने मूठ उघडली. पायाच्या काँक्रीटखालच्या मातीतून निघालेला गंजका खिळा होता, आणि त्याच्या डोक्यावर केशरी टवका अजून शाबूत होता.

“हा बघ,” ती म्हणाली, “माझ्या दुसऱ्या हाताचा रंग.”