निम्मी आई, निम्मा बाप

डीएनएच्या चाचणीसाठी नर्सबाईंनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. घरफोडीच्या संशयावरून पकडलेल्या, चाव्या बनवणाऱ्या गेनूला राहवेना. "बाई, थुंकीत काय दिसतं?"

"निम्मी आई, निम्मा बाप. पण फोडलेल्या कुलपावरच्या रक्ताशी जुळलं, तर तुरुंग!"

जुळलं नाही. न्यायालयाने गेनूला निर्दोष सोडलं. ठाण्यात हवालदारांनी कागद पुढे सरकवला, पेन दिलं. "सही कर. कायद्याप्रमाणे तुझा नमुना नष्ट करायचा. सुटलास, लेका!"

गेनू कागदाकडे बघत राहिला. अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेलं पोर ते. शाळेच्या दाखल्यावरही आईबापाच्या नावापुढे नुसती रेघ.

"साहेब, ठेवता नाही येणार?"

"खुळा का काय? लोक नाव पुसायला धडपडतात. तुला चोरांच्या यादीत राहायचंय?"

"चालेल. माझ्या आईबापाची नोंद तेवढी एकच आहे. उद्या कोणी निम्मं जुळलं, तर कळवाल?"

हवालदारांनी पेन परत घेतलं आणि टोपण हळूच लावलं.