जावईबापूंचा गोल

मध्यंतर झालं आणि जावयानं बूट काढून भिंतीवर हाणला. भिंतीचा पोपडा खाली आला. सासरा, म्हणजेच संघाचा प्रशिक्षक, त्या पोपड्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "जावईबापू, पाय वाया घालवू नका. अजून अर्धा खेळ अडवायचाय."

"अडवायचाय? मामा, आज जिंकायचंय! कारखान्याचे साहेब काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले ना? आज जिंकलो नाही तर संघ बंद आणि मैदानावर गोदाम!"

"हरलोच नाही तर बंद करायची कुणाची छाती आहे?"

साबण कारखान्याचा हा संघ अख्ख्या मोसमात एकदाही हरला नव्हता. जिंकलाही नव्हता. गोल खायचा नाही, एवढंच सासऱ्याचं शास्त्र. अकराच्या अकरा जण आपल्याच गोलपुढे भिंतीसारखे उभे. समोरच्या संघाचे गोलरक्षक सामन्याला वर्तमानपत्र घेऊन यायचे. एकानं खांबाला आरसा टांगून निवांत दाढी केली. दुसऱ्याला सामना संपल्यावर हलवून जागं करावं लागलं. त्याच्या गोलसमोर तर गवत गुडघ्याएवढं माजलं होतं. खोटं वाटत असेल तर ते खाऊन सुटलेल्या म्हशीला विचारा.

जावयाचा संताप मात्र शंभर टक्के खरा होता. लग्नाआधी त्याला सगळे 'तोफ' म्हणत. एकदा त्याच्या फटक्यानं जाळं फाटलं आणि चेंडू समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या पातेल्यात जाऊन पडला. तो गोल पाहून सासऱ्यानं तिथल्या तिथं मुलगी देऊ केली. लग्न लागलं, आणि सासऱ्यानं त्याच तोफेला आपल्या गोलरेषेवर उभं केलं. रोज सकाळी सासरा रेषेकडे चेंडू सोडायचा आणि जावयानं तो लांब भिरकावायचा. "विचार करायचा नाही. दिसला की हाणायचा!" बायको माहेरी गेली तरी हा नेम चुकत नसे.

"मी तोफ होतो, मामा! तुम्ही माझा दाराचा अडसर केलात!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सासऱ्याचे कान लाल झाले.

"आवाज खाली! हे ऐकायला मुलगी दिली का तुम्हाला?"

"गोल पाहून दिलीत ना? मग गोल मारू द्या!"

सासऱ्यानं पाण्याच्या बादलीला अशी लाथ घातली की सगळ्यांचे मोजे भिजले.

"जा! जा पुढे! आणि गोल मारल्याशिवाय माझ्या लेकीला तोंड दाखवू नका!"

मधली रेषा ओलांडताना जावयाला परमुलखात आल्यासारखं वाटलं. पण अंगात नुसता जाळ होता. समोरच्यांनी त्याला पाडलं, तो उठला. शर्ट ओढला, तो फाटक्या शर्टानं धावला. पंचांवर ओरडला, समोरच्यांवर ओरडला, उरलेलं आभाळावर ओरडला. मागे त्याचे दहा जण भिंत धरून उभेच होते. त्यांना कुणी हला म्हणालं नव्हतं.

पंच घड्याळाकडे बघत होते तेव्हा एक चेंडू भिंतीवर आपटून थेट त्याच्यापुढे आला. दोघांना चकवून तो सुटला. गोलरक्षक घाबरून पुढे धावला. जावयानं त्याच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलला. कारखान्याची सगळी माणसं उभी राहिली. चेंडू खांबावर आदळला, परत आला आणि मोकळ्या गोलसमोर रेषेच्या कडेकडेनं सावकाश घरंगळू लागला. आसपास कुणी नव्हतं. बोट लावलं असतं तरी आत गेला असता.

जावई वाऱ्यासारखा आला. रेषेजवळ चेंडू दिसला. त्यानं सगळा राग पायात आणून असा फटका हाणला की चेंडू कुंपणावरून, रस्त्यावरून, पार दिसेनासा झाला.

मैदानाबाहेर.

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. त्या स्मशानशांततेत एकच माणूस बाकावर चढून जीव तोडून टाळ्या पिटत होता: "शाब्बास, जावईबापू! वाचवलात गोल!"