डुकराची झडप

दत्तोबाची भाकरी आजही करपली.

प्रयागबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. सहा एकर उसाचा मालक असलेला तिचा नवरा काटवटीपुढं बसला, की पिठाशी कुस्तीच खेळायचा. एका अंगानं कच्ची आणि दुसऱ्या अंगानं कोळसा झालेली ती भाकरी तो मुकाट्यानं दुधात कुस्करायचा, खायचा आणि ताटली स्वतःच विसळायचा.

तिच्या टोपल्यात तीन भाकऱ्या होत्या, पातळ आणि टम्म फुगलेल्या. एक तिची. उरलेल्या दोन सकाळी गाईच्या तोंडी जायच्या. दोन वर्षं ती रोज तीनच थापत आली होती.

"अवं, ह्यातली घ्या की एक."

"ऱ्हाऊ दे. माझं झालं."

दोन वर्षं हेच उत्तर. तरीही ती भाकऱ्या थापायला बसली, की तो दारात येऊन टेकायचा आणि टक लावून बघायचा. आपल्या पिठाच्या डब्याला बाईचा हात लागतोय का, यावर पहारा ठेवतोय, असं तिला वाटायचं.

पंच्याण्णव साली तिच्या काळजाची झडप निकामी झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की डुकराच्या काळजातली झडप काढून, औषधात मुरवून ती माणसाला बसवतात. लोखंडाची पण असते, पण तिला जन्मभर रक्ताच्या तपासण्या. गावाकडच्या माणसाला हीच बरी.

दत्तोबानं टोपी काढून हातात घेतली. कागदावर सही केली, आणि जो बाहेर गेला तो गायबच झाला. तिला आत नेलं तेव्हा तो नव्हता. शुद्धीवर आली तेव्हाही नव्हता. तिसऱ्या दिवशी उगवला, तो पाय सुजलेले आणि पायात काही नाही.

"चपला कुठं गेल्या?"

"ऱ्हायल्या कुठंतरी."

प्रयागबाई काय समजायचं ते समजली. नवऱ्याला किळस आली, पळाला, मग लोक काय म्हणतील म्हणून माघारी आला.

पणदऱ्याला घरी आल्यावर ती खात्रीच झाली. आधी वाटलं, आपण आजारी म्हणून तो हातानं करून खातोय. पुढं ती हिंडाफिरायला लागली, पाणी शेंदायला लागली, तरी त्याचा डबा वेगळाच. तिच्या हातचं पाणी तेवढं प्यायचा. पाण्याला विटाळ नसतो, असं ठरवलं असेल, ती स्वतःशी म्हणायची.

बरं, दुसऱ्याच्या हातचं चालायचं! शेजारच्या सिंधुबाईच्या पोराला एस.टी.त नोकरी लागली, तेव्हा तिच्याकडं हा चार पुरणपोळ्या खाऊन आला. सिंधुबाईनं स्वतः दूध घेतलं, कारण पोराच्या नोकरीसाठी तिनं भैरोबापुढं चहा सोडला होता. दत्तोबा मात्र दोन कप चहा प्यायला आणि वर त्यानं तंबाखू मळली. प्रयागबाई कोपऱ्यात बसून त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत राहिली. त्या दिवशी ती न जेवताच निजली.

औषधं मात्र चुकायची नाहीत. दर महिन्याला बारामतीहून गोळ्या आणून तो कोनाड्यात ठेवायचा.

गेल्या खेपेला ती एकटीच पुण्याला तपासायला गेली होती. तरणा डॉक्टर मोठा बोलका. म्हणाला, "आजी, विलायतेत आता डुकराच्या गर्भातच माणसाचा एक अंश घालतायत. अख्खं काळीज बसवलं, तरी आपल्या शरीराला ते परकं वाटू नये म्हणून."

येताना एस.टी.च्या खिडकीशी तिला रडू फुटलं. जग डुकराला माणसांत घ्यायला निघालं होतं, आणि तिला तिच्याच घरात कुणी घेईना. मूल नव्हतं, बाळ नव्हतं. एक माणूस होता, तोही ताटापुरता परका झाला होता.

म्हणून त्या करपलेल्या भाकरीच्या दुसऱ्या सकाळी तिनं लुगडी पिशवीत भरली. दत्तोबा गोठ्यात पेंड कालवत होता.

"मी निमगावला भावाकडं चालले. कायमची."

त्याचा हात पेंडीतच थांबला. मग तो म्हणाला, "गोळ्या घेतल्यास का?"

एवढंच. ती वळली आणि चालू लागली.

एस.टी.च्या थांब्याच्या वाटेवर भैरोबाचं देऊळ. ऑपरेशन झाल्यापासून ती आत गेली नव्हती. देवाला तरी कशाला बाटवा! पण आता जन्माचंच चाललोय, बाहेरूनच अंगारा मागू, म्हणून ती पायरीशी थांबली. तात्याबा गुरव झाडत होता. पायरीच्या कोपऱ्यात एक चपलांचा जोड धूळ खात पडला होता. डाव्या टाचेला टायरचा तुकडा, त्याला तिरका खिळा. तो खिळा तिनंच ठोकला होता.

"ह्या हितं कशा?"

"दत्तोबाच्या हायती." तात्याबानं कंबर सरळ केली. "तुमाला पुण्याला आत न्यायचं हुतं, त्या दिवशी आला. बारामतीपासनं पळतच आला म्हना की. रात्रभर देवापुढं बसला आन् तसाच अनवानी गेला. नव्या घेतल्या, ह्या काय न्यायला आला न्हाय."

प्रयागबाईच्या हातातली पिशवी खाली आली.

"नवस बोलले?"

"व्हय."

"मग सोडलं काय? तंबाखू सुटली न्हाय, चहा सुटला न्हाय. माझ्यापायी ह्या मानसानं देवापुढं सोडलं तरी काय?"

तात्याबानं केरसुणी खाली ठेवली. "ज्याच्यापायी सोडलं, त्यालाच बोलनाऱ्यानं सांगितलं, तर नवस मोडतोय, प्रयागबाई. म्हनून तो मरंपातूर सांगायचा न्हाय."

"तुमी सांगा. पाप माझ्या माथी."

तात्याबानं देवाकडं बघून हात जोडले.

"सगळ्यांत आवडीचं सोडावं लागतंय, म्हनलं मी त्याला. लई येळ रडला. मग म्हनला, ती जगू दे, जलमभर तिच्या हातची भाकरी खानार न्हाय."