नाकवाले गोपाळजी

पांढऱ्या गाडीच्या मागे गोपाळराव ओणवे झाले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित तिरकी, नाक सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर.

"इंजिन चालू राहू द्या," ते म्हणाले.

कांचन शेजारी लॅपटॉप घेऊन उभी होती. कंपनीने तिला पुण्याहून झाशीच्या वर्कशॉपमध्ये दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं. बीएस सहाच्या गाड्या रस्त्यावर येऊन दोन वर्षं झाली होती. धुराचे नियम कडक झाले, गाड्यांमध्ये फिल्टर आणि सेन्सर आले आणि जुने मेकॅनिक मागे पडले, असं कंपनीचं म्हणणं होतं. इथल्या चार जुन्या मेकॅनिकांपैकी कोणाला ठेवायचं, ते कांचनच्या अहवालावर ठरणार होतं.

गोपाळराव त्या चौघांत सर्वांत वयस्कर. घराणं पिढ्यान् पिढ्या झाशीतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. धूर हुंगून इंजिनाचं दुखणं सांगतात म्हणून गावात त्यांना 'नाकवाले गोपाळजी' म्हणत.

"गोपाळराव, या गाड्यांना धूरच नाही," कांचनने पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. "तुम्ही हुंगणार काय?"

"बघू की बेटा," एवढंच ते म्हणाले होते. आवाजात जराही काळजी नव्हती.

आज समोर होती सिव्हिल लाइन्समधल्या अंबिकाजींची गाडी. त्या शाळेत शिकवायच्या, आणि एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या.

"फिल्टर काजळीने भरलाय," कांचन म्हणाली. "दोनदा साफ केला, पुन्हा भरला. आता बदलावाच लागेल."

नव्या फिल्टरची किंमत ऐकून अंबिकाजींचा चेहरा उतरला. "भैयाजी, आप ही कुछ कीजिए."

"हूं," गोपाळराव वाकलेलेच होते.

बाई बोलत राहिल्या. पूर्वी यजमान दर शनिवारी गाडी घेऊन गावाकडे जायचे, आता त्यांची बदली झाली. आता गाडी फक्त घर ते शाळा, दोन किलोमीटर. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला की धडकी भरते, म्हणून त्या लगेच इंजिन बंद करतात. कांचनला ती बडबड नकोशी झाली. ती स्क्रीनवरचे आकडे उतरवून घेत होती.

गोपाळराव कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"फिल्टर बदलायचा नाही. गाडी बरुआसागरच्या रस्त्याला काढा. साठचा वेग, मध्ये थांबायचं नाही. दिवा लागला तरी इंजिन बंद करायचं नाही."

"हे तुम्हाला कसं कळलं?" कांचनने विचारलं.

"गाडी तापतच नाही हो. मग काजळी जळणार कशी?"

कांचन स्वतः चालवायला बसली. अर्ध्या तासाने, बरुआसागरचा तलाव दिसू लागला तेव्हा पिवळा दिवा विझला होता. परत येऊन तिने स्कॅनर लावला. फिल्टर मोकळा.

त्या दिवसापासून ती गोपाळरावांच्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवू लागली. एक पिकअप चढावर धापा टाकत होती. तिचा ड्रायव्हर आपल्या मेहुण्याला शिव्या घालत उभा होता. धूर साफ करणाऱ्या द्रवाचे स्वस्तातले कॅन मेहुण्यानेच गळ्यात मारले होते. गोपाळराव मिनिटभर वाकले आणि म्हणाले, "द्रवात पाणी आहे. टाकी रिकामी करा." टाकीत खरंच पाणी निघालं.

महिनाभरात अकरा गाड्या झाल्या. दहांचं निदान अचूक. एकच गाडी अडली. एका साहेबांचा शिपाई किल्ली देऊन निघून गेला होता. गोपाळराव त्या गाडीमागे बराच वेळ वाकून राहिले, मग म्हणाले, "ही उद्या बघू." शेवटी ती स्कॅनरनेच सोडवली. कांचनला त्याचं काही वाटलं नाही. अकरांपैकी दहा, स्कॅनरलाही जमले नव्हते.

तिने अहवालात लिहिलं: गोपाळरावांना ठेवावंच, शिवाय त्यांना प्रशिक्षक करावं.

वर्कशॉपचे मॅनेजर रमाकांतजी हसले. "कांचनजी, मशीन शिकवता येतं. नाक कसं शिकवणार?"

"ते माझ्यावर सोडा."

गोपाळरावांना तिने विचारलं तेव्हा ते जराही अडखळले नाहीत. "शिकवीन की. मला येतं ते सगळं शिकवीन."

पहिल्या वर्गाला ललितपूर, दतिया, उरईकडचे वीस मेकॅनिक आले. नगरा मोहल्ल्यातल्या घरून गोपाळराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच हजर झाले. त्यांना न सांगता कांचनने टेबलावर सहा बाटल्या मांडल्या होत्या. जळकं ऑइल, डिझेल, पेट्रोल, रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं तेल, धूर साफ करणारा युरियाचा द्रव.

"गोपाळराव डोळे बांधून या सहाही बाटल्या ओळखतील," तिने अभिमानाने जाहीर केलं. मोबाइल वर झाले.

गोपाळरावांनी निमूटपणे डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. पहिली बाटली नाकाशी धरली, खाली ठेवली. मग दुसरी. तिसरी. शेवटी सहावीही खाली ठेवली.

"सांगा ना," कांचन म्हणाली.

त्यांनी रुमाल सोडला, नीट घडी घालून खिशात ठेवला.

"बेटा, मला या सगळ्या सारख्याच. सात वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही." मग वर्गाकडे वळून त्यांनी बाह्या सरसावल्या. "चला, सुरुवात करू. बाहेरून एक बिघडलेली गाडी आणा, आणि ती रोज चालवणाऱ्यालाही बरोबर घेऊन या."