बिनटमाटरचा पास्ता

आषाढी एकादशीपासून सुनेनं दूध-दही सोडलं होतं, टमाटरही सोडलं होतं. आज तर तिनं पास्तासुद्धा चीज न घालता केला. शेंगदाण्याच्या तेलात परतलेला लसूण आणि वरून जवसाची चटणी, बस.

"काहून वं रागिणी, आपल्याच वावरातले टमाटर टोपल्यात सडून राहिले. चार महिन्यांचा नेम धरला काय देवापाशी?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"नाही आई, पित्त होते मले." रागिणी हसली आणि ताटं ठेवून आत गेली.

कौशल्याबाईंनी घासही उचलला नाही. "खोटं बोलते. काहीतरी मागून राहिली देवाले."

वामनराव मजेत खात होते. "मागू दे न. नातू मागत असन."

"नातवासाठी बाई गावभर सांगून नेम धरते. लपवून धरते ते एकाच गोष्टीसाठी."

"तुले काय मालूम?"

"मी बी पित्ताचंच नाव सांगून वांगं सोडलं होतं." कौशल्याबाईंनी ताट दूर सारलं. "त्याच दिवाळीले तुमची माय धाकट्याकडे अकोटले राहाले गेली. पुन्हा वापस आली नाही."