दोन मार्क कमी

खिडकीशी आलेल्या मुलीने आधी म्हात्रेकाकांची खुर्ची रिकामी आहे का ते पाहिलं आणि मगच विनिताच्या हातात कागद दिले.

संस्थेने विनिताची बाळकुमच्या कॉलेजातून कल्याणला बदली करून तीन आठवडे झाले होते. शिष्यवृत्तीचं टेबल तिच्याकडे आलं होतं. अर्ज तपासायचं काम म्हात्रेकाकांचं. वीस वर्षं ते तिथे कंत्राटावरच क्लार्क होते. त्यांनी तपासलेला अर्ज विनिता मंजूर करून पोर्टलवर पुढे पाठवायची.

मुलीचं नाव सान्वी म्हात्रे. त्याचं विनिताला काही वाटलं नाही. या कॉलेजात ‘म्हात्रे’ अशी हाक मारली की निम्मी रांग वळून बघायची. सान्वी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला पहिल्या वर्षी साठ टक्के लागत. तिला सहाशेपैकी तीनशे अठ्ठावन्न होते.

“दोनच मार्क गं,” विनिता म्हणाली. “एकोणसाठ पूर्णांक सहा. साठच धरू आपण.”

“साठ म्हणजे तीनशे साठ.”

म्हात्रेकाका कधी मागे येऊन उभे राहिले ते दोघींनाही कळलं नव्हतं. त्यांनी कपाटातून परिपत्रक काढून विनितापुढे ठेवलं. अपूर्णांक पूर्ण करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मुलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिनेही विनवणी केली नाही. कागद गोळा केले, “कळलं सर,” म्हणाली आणि निघून गेली.

विनिताला ते लागलं. दुपारी ती डबा घेऊन कँटीनमध्ये गेली, तर कोपऱ्यात सान्वी बसलेली. विनिता तिच्यासमोर बसली आणि हळूहळू विचारत गेली. शिष्यवृत्ती गेली तर कॉलेज सोडावं लागेल, असं सान्वीने सांगितलं. घरात मागे दोन भावंडं शिकत होती. शीळफाट्याच्या गोदामात पॅकिंगचं काम मिळत होतं, तिची मैत्रीण तिथे लागलेली.

“केमिस्ट्रीचा पेपर मला चांगला गेलेला,” ती म्हणाली. “एवढे कमी कसे आले तेच कळत नाही.”

मग उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव, असं विनिता तिला म्हणाली. अर्ज कालच केलाय, सान्वी म्हणाली. तिच्या बाबांनी करायला लावला होता.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर विनिताने म्हात्रेकाकांना गाठलं. मुलगी गुणी आहे, एवढ्याशासाठी तिचं शिक्षण थांबेल, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. साठ लिहून अर्ज पुढे पाठवू, वर कोण एवढं तपासतंय, असंही ती बोलून गेली.

म्हात्रेकाका ड्रॉवरला कुलूप लावत होते. त्यांचा हात थांबला.

“गेल्या वर्षी आपल्या गोदाबाईंच्या नातीला मी एका मार्कासाठी परत पाठवलंय,” ते म्हणाले. “गोदाबाई अजून रोज माझं टेबल पुसतात. हिचा अर्ज सोडला तर त्यांना काय सांगू?”

तरी घरी जाताना तिच्या मनात आलं, माणूस नियमाने चालतो ते ठीक, पण पोरीला धीराचा एक शब्द द्यायला कुठला नियम आडवा येतो? त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. सान्वीला मात्र तिने आपला नंबर देऊन ठेवला.

दहा-बारा दिवसांनी सान्वीचा फोन आला. आवाजात धाप होती. फोटोकॉपी आली होती. बाबा आणि ती दोघं बसून एकेक पान बघत होते.

“बाबांना केमिस्ट्रीतलं काही येत नाही, मॅडम. ते नुसती लाल शाई बघत होते. सतराव्या पानावर शाईच नव्हती. ते पान कुणी तपासलंच नाही.”

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्याच दिवशी गेला. त्यानंतर मात्र काहीच कळेना. पोर्टल बंद व्हायला चार दिवस राहिले, मग दोन. विनिता सकाळी आल्या आल्या निकालाचं पान उघडून बघायची. एकदा तिच्या लक्षात आलं की म्हात्रेकाकांच्या स्क्रीनवरही तेच पान उघडं आहे. अर्ज बाद करायची घाई झालीय यांना, असं वाटून ती आणखीच चिडली.

शेवटच्या दिवशी साडेअकराला सान्वी धावतच खिडकीशी आली. नव्या गुणपत्रिकेचा कागद तिने काचेखालून आत सरकवला. त्या एका पानाचे पाच मार्क मिळाले होते. एकूण तीनशे त्रेसष्ट.

विनिताने बेरीज दोनदा करून पाहिली आणि मान वर केली तेव्हा सान्वी रडत होती आणि हसतही होती. विनिताने तिला पाणी दिलं, व्हरांड्यात बसवलं आणि फाईल घेऊन ती थेट म्हात्रेकाकांच्या टेबलाशी गेली. ते खिडकीबाहेर बघत होते. चष्मा काढून त्यांनी हातात धरला होता.

“काका, तीनशे त्रेसष्ट,” तिने फाईल त्यांच्यापुढे ठेवली. “घ्या तपासून. पाच वाजता पोर्टल बंद होतंय.”

त्यांनी फाईल उघडली नाही. दोन बोटांनी ती परत तिच्याकडे सरकवली. प्राचार्यांकडे द्या, ते तपासतील, मी सकाळीच त्यांना तसं लिहून दिलंय, असं काहीसं ते अडखळत म्हणाले.

विनिताचा आवाज चढला. “आता कशाला अडवताय? आता तर नियमात बसतंय ना?”

“बसतंय,” म्हात्रेकाका डोळे पुसत म्हणाले. “पण पोटच्या मुलीचा अर्ज बापाने तपासायचा नाही, असाही नियम आहे, मॅडम.”